बँकेतली डिग्री अप्रेंटिसशिप की युनिव्हर्सिटी? मंथ-एंडचाही हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा. रेडिंगला राहणाऱ्या एका आईने विचारलंय की मुलगी ए-लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या) शेवटच्या वर्षाला आहे. तिच्याकडे दोन ऑफर आहेत. एक चांगल्या युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग अँड फायनान्सची, दुसरी लंडनमधल्या एका मोठ्या बँकेत अकाउंटिंगच्या डिग्री अप्रेंटिसशिपची. बँक पगार देणार, फी भरणार, आणि चार-साडेचार वर्षांत पदवीही होणार, अकाउंटन्सीच्या परीक्षाही. मुलीला बँक हवीय. वडील म्हणतात, "अप्रेंटिस व्हायला का आपण इतक्या लांब आलो?" ही पदवी खरी असते का, काम कारकुनीचं असतं का, आणि चार वर्षांनी मुलगी नेमकी कुठे उभी असेल, हे त्यांना हवंय.

आधी वडिलांचं बघू, कारण त्यांची अडचण मला परकी नाही. माझे एक काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आपल्या कानांना 'अप्रेंटिस' म्हटलं की आयटीआय, टेल्को, निळा डगला आणि ग्रीसचे हात आठवतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण घरातल्या हुशार मुलीसाठी आपण ते चित्र रंगवलेलं नसतं. वडिलांना सांगा, आर्टिकलशिप आठवा. सीए करणारी पोरं फर्ममध्ये राबत-राबत परीक्षा देतात, तोच हा प्रकार. फरक दोन. इथे स्टायपेंडऐवजी बऱ्यापैकी पगार मिळतो, आणि फर्मच्या जागी बँक आहे.

माझी ओळख इतकीच की सीए पुण्यात केलं. आर्टिकलशिप सदाशिव पेठेतल्या एका फर्ममध्ये व्हाउचरांवर टिकमार्क करण्यात गेली. २००६ पासून लंडनमध्ये बँकांच्या फायनान्स विभागांत आहे आणि गेली काही वर्षं अशा अप्रेंटिस मुलामुलींची लाइन मॅनेजर. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते टेबलाच्या या बाजूने दिसलेलं आहे. आणि ते इंग्लंडपुरतं आहे, कारण स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे आहेत.

बँका हे का करतात ते समजून घ्या, म्हणजे 'फुकट शिकवतायत म्हणजे काहीतरी गोम असणार' ही शंका जाईल. डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०१७ पासून सरकारने मोठ्या कंपन्यांवर अप्रेंटिसशिप लेव्ही बसवली. वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेवर अर्धा टक्का. हा पैसा कंपनीच्या नावाच्या खात्यात जमतो आणि मुख्यतः अप्रेंटिसच्या शिक्षणावरच वापरता येतो. ठरलेल्या मुदतीत नाही वापरला तर गेला. हजारो लोकांना पगार देणाऱ्या बँकेची लेव्ही किती होत असेल, तुम्हीच करा गुणाकार. तेव्हा बँक उपकार करत नाही आणि फसवतही नाही. भरलेला कर वसूल करतेय, आणि अठराव्या वर्षी घडवलेला माणूस टिकला तर तो फायदाही तिचाच. शिक्षणाचा तो खर्च अप्रेंटिसकडून मागता येत नाही, हा नियम आहे. परीक्षेत नापास झाल्यावर पुन्हा बसण्याची फी, किंवा मध्येच सोडल्यास इतर खर्चाची वसुली असं काही करारात आहे का, ते मात्र चष्मा लावून वाचा.

आता 'पदवी खरी का'. पदवी मिळाली तर ती अगदी खरी, युनिव्हर्सिटीचीच. पण मिळणार आहे का, हे आधी विचारा. 'डिग्री अप्रेंटिसशिप' हा शब्द जाहिरातीत सैल वापरला जातो. अकाउंटन्सीचा लेव्हल ७ चा (म्हणजे पदव्युत्तर पातळीचा) जो अप्रेंटिसशिप अभ्यासक्रम आहे, त्यात पदवी सक्तीची नाही. त्याचा गाभा व्यावसायिक पात्रतेचा आहे, म्हणजे एसीए, एसीसीए किंवा सीमा. (या शेवटच्या संस्थेचं नाव आद्याक्षरांचं आहे, पण सगळे 'सीमा'च म्हणतात. माझ्या आईला बराच काळ वाटायचं, ही कोण सीमा जिच्या परीक्षा सगळे देतात.) काही ठिकाणी पात्रतेबरोबर पदवीही गुंफलेली असते, काही ठिकाणी नुसती पात्रता, काही ठिकाणी लेव्हल ६ ची, म्हणजे पदवीच्या पातळीची, फायनान्शियल सर्व्हिसेसची पदवी आणि अकाउंटन्सीचे पेपर नंतर 'बघू'. तिन्हींची जाहिरात एकसारखीच दिसते. म्हणून बँकेला एकच प्रश्न लेखी विचारा: शेवटच्या दिवशी माझ्या मुलीच्या हातात कोणकोणती कागदपत्रं असतील, आणि ती कोणी दिलेली असतील?

तिन्ही पात्रतांपैकी कोणती चांगली, यावर लोक तावातावाने भांडतात. मी नाही भांडत. एसीएला ऑडिट फर्मच्या जगात मान जास्त, आणि बँकेत राहून ती करायची तर बँक आयसीएईडब्ल्यूची (एसीए देणाऱ्या संस्थेची) मान्यताप्राप्त प्रशिक्षक असावी लागते. सीमा कंपनीच्या आतल्या हिशेबांसाठी बनलेली. एसीसीए जगभर ओळखीची, १३ पेपर आणि ३६ महिन्यांचा अनुभव. बँकेच्या फायनान्स विभागात या तिघी शेजारी-शेजारी बसतात आणि पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. एक मात्र लक्षात असू द्या. उद्या मुलीने पुण्यात परत येऊन ऑडिट रिपोर्टवर सही करायची म्हटलं, तर यातली एकही चालणार नाही. त्यासाठी आयसीएआयचंच, म्हणजे भारतातल्या सीएंच्या संस्थेचंच, सदस्यत्व लागतं. भारतात कंपनीत किंवा बँकेत नोकरी करायची असेल तर अडचण नाही.

पैशांचं पटकन उरकते, कारण तिथे वाद कमी आहे. २०२५-२६ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांची फी वर्षाला ९,५३५ पौंड होती, म्हणजे त्या दराने तीन वर्षांचे २८,६०५, आणि राहण्याखाण्याचं कर्ज त्यावर. ऑगस्ट २०२३ पासून सुरू करणाऱ्यांना पगाराच्या २५,००० वरच्या भागाचे ९ टक्के फेडावे लागतात, जास्तीत जास्त ४० वर्षं. म्हणजे पगार ४०,००० असेल तर वर्षाला १,३५० पौंड. हे आपल्या होम लोनसारखं छातीवर बसत नाही, पण चाळीस वर्षं म्हणजे जवळजवळ सगळी नोकरी. उलट बाजूला समजा बँक २५,००० देतेय. कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन, पेन्शन कापायच्या आधी, महिन्याला साधारण १,७९० हातात येतात. रेडिंगहून घरी राहून जाणार असेल तर बरे शिल्लक पडतील. लंडनमध्ये खोली घेतली तर पगार भाड्यात आणि ट्यूबमध्ये विरघळेल.

इथे थोडं आडवाटेला जाते, कारण हाच प्रश्न मला वर्क व्हिसावरच्या घरांतून जास्त येतो. तुम्ही सेटल्ड आहात असं दिसतं, म्हणून तुम्हाला हे लागू नाही. पण चार-एक वर्षांपूर्वी स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या, अजून आयएलआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) न झालेल्या कुटुंबातल्या मुलाला युनिव्हर्सिटी साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याचीच फी लावते, आणि अशा अभ्यासक्रमांना ती वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर सहज जाते. विद्यार्थी कर्जही बहुधा मिळत नाही. अप्रेंटिसशिपच्या निधीचा निकष वेगळा आहे. शिक्षणाव्यतिरिक्त कारणाने इथे राहण्याची परवानगी आणि सुरू होण्याआधी सलग तीन वर्षं इथलं वास्तव्य. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलाला हे जमू शकतं. काही बँका कायमच्या वास्तव्याचा हक्क मागतात, तेव्हा आधी विचारावं. पण 'आपल्याला ते लागू नाही' म्हणून पान न उघडताच सोडणारी घरं मी पाहिलीत, आणि मग तेच पालक फीसाठी ठाण्याचा फ्लॅट विकायला काढतात. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना मात्र ही वाट बंद आहे.

आता कामाबद्दल, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी मला हाच महत्त्वाचा वाटतो. कारकुनी असते का? पहिले सहा महिने, हो, बरीचशी. पण ती कशाची कारकुनी आहे ते सांगते.

बँकेचा फायनान्स विभाग म्हणजे एक खोली नव्हे. लेजर आणि ताळेबंद सांभाळणारे वेगळे, बँक ऑफ इंग्लंडकडे जाणारे भांडवलाचे नि तरलतेचे अहवाल करणारे वेगळे, कर बघणारे वेगळे, खर्चाचं बजेट बघणारे वेगळे. अप्रेंटिसला साधारण वर्षाने किंवा सहा महिन्यांनी टीम बदलून मिळते. मला विचाराल तर त्यातली एक पाळी प्रॉडक्ट कंट्रोलमध्ये मिळावी असा हट्ट धरावा.

प्रॉडक्ट कंट्रोल म्हणजे ट्रेडरने काल किती कमावलं हे ट्रेडरला न विचारता ठरवणारी टीम. समजा एका ट्रेडरकडे ब्रिटिश सरकारचे रोखे आहेत, इथे त्यांना गिल्ट म्हणतात. व्याजदर एक बेसिस पॉइंट, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, उतरला की त्याच्या रोख्यांची किंमत २०,००० पौंडांनी वाढते. काल दर ५ बेसिस पॉइंट उतरले. म्हणजे नफा १,००,००० च्या आसपास हवा. सिस्टिम दाखवतेय १,६०,०००. ट्रेडर खूश आहे. तुमच्या मुलीने खूश व्हायचं नाही. वरचे ६०,००० कुठून आले? एखादा सौदा दोनदा नोंदला गेलाय? भाव काल संध्याकाळच्याऐवजी दुपारचा उचलला गेलाय? काल नवा सौदा झाला आणि त्याचा नफा त्याच दिवशी धरलाय? हे शोधून, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत, दोन ओळींत लिहायचं. मग पुढच्या दिवसाचं काम सुरू.

माझ्याकडच्या एका मुलीने एकोणिसाव्या वर्षी एका पन्नाशीच्या ट्रेडरला फोन करून असंच विचारलं. तो म्हणाला, "बाजार हलला." ती म्हणाली, "बाजार पाच हलला, तुमचा आकडा आठ हललाय." सौदा खरंच दोनदा नोंदलेला होता. नोंद उलटली, विषय संपला, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या दिवसानंतर तिला फोन करायची भीती वाटली नाही, आणि कॉलेजच्या तीन वर्षांत हे कुठल्या पेपरात शिकवणार?

हे काम अस्तित्वात का आहे, याचा इतिहास मुलीला मुलाखतीआधी वाचायला सांगा. १७६२ मध्ये स्थापन झालेली बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली, कारण सिंगापूरमध्ये निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या नोंदींवरही त्याचाच ताबा होता. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तोटा दडवत गेला, तो ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला, आणि बँक शेवटी एका पौंडाला विकली गेली. आपल्याकडे दुकानदारसुद्धा गल्ल्यावर बसणाऱ्याला रोजमेळ लिहू देत नाही. दुसरं प्रकरण २०१२ चं, जेपी मॉर्गनच्या लंडन कार्यालयातलं, ६०० कोटी डॉलरांहून जास्त तोट्याचं. त्यात जोखीम मोजणारं मॉडेल एक्सेलच्या शीटांमधून हाताने कॉपी-पेस्ट करत चालवलं जात होतं, आणि एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं. जोखीम होती त्याहून कमी दिसत राहिली. बँकेने स्वतःच्या चौकशी अहवालात हे छापलंय. एक्सेलमधली एक भागाकाराची चूक बघायला कोणीतरी बसलेलं असावं लागतं, आणि ते कोणीतरी पहिल्या वर्षाची अप्रेंटिसही असू शकते.

कर्जांच्या बाजूलाही असंच रोचक काम आहे. १ जानेवारी २०१८ पासून आयएफआरएस ९ हे हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक लागू झालं, आणि बँकेला कर्ज बुडायची वाट न बघता आधीच तरतूद करावी लागते. २,००,००० चं गृहकर्ज, वर्षभरात थकण्याची शक्यता १ टक्का, थकलं तर चौथाई रक्कम जाणार, तर तरतूद ५०० पौंड. आता कर्जदाराची लक्षणं बिघडली. कर्ज दुसऱ्या टप्प्यात गेलं की वर्षभराची नव्हे, पूर्ण मुदतीची शक्यता धरायची. ती ८ टक्के असेल तर तेच ५०० चे ४,००० होतात. कर्जदाराने अजून एकही हप्ता चुकवलेला नसतो! 'लक्षणं बिघडली' हे कोण, कशावरून ठरवतं, यावर मीटिंगा रंगतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना त्या मीटिंगांत कोपऱ्यात बसू द्यावं, असं माझं मत. सगळे मॅनेजर देत नाहीत.

इथवर सगळं गुलाबी झालं. आता मंथ-एंड.

महिना संपला की पहिले पाच कामाचे दिवस खाती बंद करायचे असतात. बोलताना आम्ही तारखा म्हणत नाही, वर्किंग डे वन, टू, थ्री म्हणतो. त्या दिवसांत संध्याकाळ आपली नसते. वर्षअखेर तर विचारूच नका. इथल्या मोठ्या बँका फेब्रुवारीत वार्षिक निकाल जाहीर करतात, त्यामुळे जानेवारी पूर्ण कामात जातो. आता एसीसीएचं वेळापत्रक काढून बघा. पहिले चार पेपर कधीही देता येतात. उरलेले नऊ मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्येच, आणि बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे नेमके वर्किंग डे वन ते फाइव्ह! ज्या आठवड्यात टीमला माणूस हवा, त्याच आठवड्यात तुमची मुलगी परीक्षेला बसलेली. त्यातल्या त्यात बरं इतकंच की डिसेंबरला वर्ष संपवणाऱ्या बँकांची तिमाही बंद होते ती एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत, परीक्षेच्या महिन्यात नाही. सीमाचे ऑब्जेक्टिव्ह पेपर मागाल तेव्हा देता येतात, म्हणून ते महिन्याच्या मध्यावर टाकता येतात. फक्त केस स्टडीचे पेपर ठरलेल्या महिन्यांत. कोणती पात्रता चांगली यावर मी भांडत नाही म्हटलं, पण बँकेत राहून करायची तर या एका कारणासाठी माझा कौल सीमाकडे झुकतो.

शिक्षणाचा वेळ पगारी कामाच्या वेळातच द्यायचा, हा नियम आहे. पूर्वी कामाच्या वेळेच्या २० टक्के असा हिशेब होता, ऑगस्ट २०२२ पासून आठवड्याला किमान सहा तासांचा झाला, आणि ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्यांसाठी प्रत्येक अभ्यासक्रमाचे किमान तास ठरवून दिलेत. कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्याच हातून घडलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी, परीक्षेला दहा-बारा दिवस असताना, माझ्या टीममधल्या एका मुलाचा शुक्रवार अभ्यासाचा होता. एका खर्चाची तरतूद जुळत नव्हती आणि ती नोंद त्याने केलेली होती. मी त्याला फोन केला, "दहाच मिनिटं." दहा मिनिटांचे तीन तास झाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याला ४८ मार्क पडले, पास व्हायला ५० लागतात. त्याने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तेव्हापासून अभ्यासाच्या दिवशी आमच्याकडे त्या मुलाचं नाव चॅटवर कोणी टॅग केलं तर उत्तर मी देते. पण हे माझं वैयक्तिक प्रायश्चित्त झालं, बँकेचा नियम नव्हे. शेजारच्या टीममध्ये अजूनही दहा मिनिटांचे तीन तास होतात.

नापास झाल्यावर काय, हेही आत्ताच विचारून ठेवा. काही ठिकाणी एकाच पेपरात दोनदा-तीनदा अपयश आलं की नोकरी जाऊ शकते. युनिव्हर्सिटीत एक विषय राहिला तर मुलगी उन्हाळ्यात पुन्हा बसते. इथे त्याच विषयावर पगार टांगलेला असतो. हे ओझं सगळ्याच अठरा वर्षांच्या मुलांना पेलत नाही, आणि न पेलणारी मुलं मठ्ठ असतात असं मुळीच नाही.

आता पुण्याचं. लंडनमधल्या मोठ्या बँकांचं रोजचं बरंचसं हिशेबाचं काम गेल्या वीस वर्षांत भारतात गेलंय, आणि त्यातलं बरंच मुंबई-पुण्यात आहे. खराडीत दुपारचा दीड वाजलेला असताना (उन्हाळ्यात साडेबारा) इथे सकाळचे आठ वाजतात आणि रात्रीत तयार झालेले आकडे आमच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडतात. नोंद तिकडे होते, रेको (दोन बाजूंच्या नोंदी जुळवणं) तिकडे होतो, न जुळलेल्या रकमा, ज्यांना आम्ही ब्रेक म्हणतो, त्यांची यादी तिकडून येते. इथली मुलं ती 'रिव्ह्यू' करतात. माझी तक्रार हीच आहे. ज्याने स्वतः कधी कीर्द लिहिली नाही, खतावणी केली नाही, तो दुसऱ्याची तपासणार काय? मी सदाशिव पेठेत तीन वर्षं व्हाउचर बघत कंटाळले होते, पण डेबिट कुठे पडायला हवं हे आजही बोटांना कळतं, ते तिथलंच. इथल्या अप्रेंटिसना रंगीत डॅशबोर्ड पहिल्या दिवशी मिळतो आणि एक जर्नल एंट्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायला कधीकधी वर्ष जातं.

तुमच्या मुलीकडे यावर एक उपाय आहे जो तिच्या बरोबरच्या कोणाकडे नसेल. तिने पुण्याच्या टीमशी दोस्ती करावी. मराठी मोडकी असली तरी चालेल. माझ्याकडची एक मुलगी, लेस्टरमध्ये वाढलेली, घरी आजीशी मराठी बोलणारी, एका सस्पेन्स खात्यात (कुठे टाकायचं ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यात) अडकलेल्या रकमेवर तीन दिवस ई-मेल करत होती. उत्तरं छापील येत होती. मग तिने फोन लावला आणि मराठीत विचारलं, "अहो, हे पैसे असे लटकलेत का?" समोरच्या बाईंनी हसून वीस मिनिटांत स्क्रीन शेअर करून सगळी साखळी दाखवली. त्या बाई बारा वर्षं तेच लेजर सांभाळत होत्या. लंडनमध्ये त्यांच्याइतकं ते कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना कोणी कधी विचारलंही नव्हतं.

राहिली कॉलेजची मजा. ती जाते. सप्टेंबरमध्ये मैत्रिणी फ्रेशर्स वीकचे फोटो टाकतील आणि तुमची मुलगी एलिझाबेथ लाइनच्या गाडीत बसून कॅनरी वॉर्फ या लंडनच्या बँकांच्या भागात जात असेल, रेडिंगहून एका बाजूला सव्वा तासाच्या आसपास. गाडी रेडिंगहूनच सुटते, बसायला जागा मिळते, अभ्यास होतो, हा त्यातला फायदा. पण पहिल्या हिवाळ्यात, अंधारात निघून अंधारात परतताना, बहुतेक जण एकदा तरी विचारतात की चुकलं का आपलं. ऑफिसातले सहकारी चांगले असतात, पण ते तीस-पस्तिशीचे असतात आणि साडेपाचला मुलांना आणायला जातात. बँक एका वेळी किती अप्रेंटिस घेते, ते एकाच इमारतीत असतात का, हे म्हणून विचारायचं. वीस जणांची तुकडी असेल तर निभतं. दोघंच असतील तर कठीण.

आणखी एक बोच तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. युनिव्हर्सिटीतून पदवी घेऊन ग्रॅज्युएट स्कीमची मुलं येतात, तुमच्या मुलीच्याच वयाची. काम तीच त्यांना शिकवते, आणि पगार त्यांचा जास्त असू शकतो. चांगल्या बँका पात्रता मिळताच पगार समान करतात. बाकीच्या 'पुढच्या आढाव्यात बघू' म्हणतात. 'आधी पदवी करू दे, मग बघू' असा विचार करत असाल तर तोही दरवाजा बदललाय. जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ च्या नव्या अप्रेंटिसशिपला सरकारी निधी, काही अपवाद सोडले तर, सुरुवातीला २१ पर्यंत वय असलेल्यांनाच मिळतो. पदवीनंतर बँका शिकवतच नाहीत असं नाही, स्वतःच्या खिशातून शिकवतात, पण मग जागा हात राखून काढतात.

तुमच्या घरातलं उत्तर मी देऊ शकत नाही, पण माझी मुलगी असती तर मी कशावरून ठरवलं असतं ते सांगते. तिला परीक्षेचं दडपण कसं झेपतं हे तुम्ही जीसीएसई (इथली दहावी म्हणा) आणि ए-लेव्हलला पाहिलंय. झेपत असेल, आकड्याच्या मागे लागायची खोड असेल (दुकानातल्या बिलात चूक सापडली की हिला आनंद होतो का?), तर मी बँक निवडली असती. गणित आवडतं पण नेमकं काय करायचं ते ठरलेलं नाही, अर्थशास्त्राकडे किंवा डेटाकडेही ओढ आहे, असं असेल तर युनिव्हर्सिटी. कारण अठराव्या वर्षी अकाउंटन्सीवर शिक्का मारून मग विसाव्या वर्षी पाय काढणं त्रासाचं असतं. ट्रेडर व्हायचंय आणि ही मागच्या दाराची वाट आहे असं तिच्या मनात असेल, तर तिला आत्ताच थांबवा. फायनान्समधून तिकडे गेलेले मी पाहिलेत, पण बोटावर मोजण्याइतके.

घाई करू नका. यूकासवरची (युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या इथल्या यंत्रणेवरची) जागा धरून ठेवून बँकेला होकार देता येतो, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ऑगस्टमध्ये निकाल लागेपर्यंत युनिव्हर्सिटी सोडायचं कारण नाही. मधल्या काळात मुलीने बँकेच्या रिक्रूटरला एक मेल करावा, तुम्ही नव्हे, तिनेच. सध्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात असलेल्या अप्रेंटिसशी अर्धा तास बोलायला मिळेल का, मॅनेजर कॉलवर नसताना. बोलायला मिळालं की पगार-बिगार विचारण्यात वेळ घालवू नये. गेल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुझा अभ्यासाचा दिवस तुला मिळाला होता का, इतकं विचारावं, आणि ती मुलगी उत्तर द्यायच्या आधी किती वेळ घेते ते ऐकावं.